लाकडातला स्वार कोणाचा?

एखादी जुनी वस्तू संग्रहालयात पोहोचली की ती 'वाचली', असे आपण सहज म्हणून जातो. वाळवी, पाऊस, भंगारवाला आणि विस्मृती या चौघांच्या तावडीतून ती सुटली. तिला काचेचे कपाट मिळाले, दिवा मिळाला, क्रमांक मिळाला. आता तिच्या भाग्यात काय उणे, अशी आपली समजूत असते. पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत ती खरीही असते. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांच्याविषयी 'वाचली' हा शब्द उच्चारताना जीभ किंचित अडखळावी. सातपुड्यातील कोरकूंचा मृतांच्या स्मरणाचा लाकडी फलक ही अशी एक वस्तू आहे. तिच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते.

बुलढाणा जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला लोणारचे सरोवर आठवते, शेगाव आठवते, जिजाऊंचे सिंदखेडराजा आठवते. जिल्ह्याची उत्तरेकडील कड फारशी कोणाच्या ध्यानात नसते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा उभा आहे. अंबाबरव्याचे अभयारण्य तेथलेच. ते आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. या डोंगरपट्ट्यात, मेळघाटात आणि पलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर, खंडवा, बैतूल या जिल्ह्यांत कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या गोतातली नाही. संथाळी आणि मुंडारी यांची ती दूरची बहीण. आपल्या इतक्या जवळ राहून आपल्या कानाला इतके परके असलेले लोक विरळाच.

कोरकूंच्या घरी माणूस गेला म्हणजे त्याचे सारे विधी लगेच संपत नाहीत. त्याला पूर्वजांच्या मेळ्यात नेऊन पोहोचविण्याचा एक मोठा विधी मागे राहतो. त्याला सिडोली म्हणतात. तो होईपर्यंत मृताचा जीव वाटेतच असतो, घराच्या आसपास घुटमळत असतो, अशी श्रद्धा आहे. सिडोलीला खर्च येतो. भावकी बोलवायची, बकरे कापायचे, जेवण घालायचे. म्हणून ती वर्षानुवर्षे लांबणीवर पडते आणि पुढे कधीतरी घराण्यातील अनेक मृतांची एकत्र केली जाते. त्या वेळी सागवानाचा एक फलक कोरून गावाबाहेर, ठरलेल्या झाडाखाली रोवतात. त्याला मुंडा किंवा मंडा म्हणतात. माणसाहून तो बराच ठेंगणा असतो. त्यावर सूर्य असतो, चंद्र असतो, कधी नाचणाऱ्यांची रांग असते. आणि बहुधा मधोमध एक घोडेस्वार असतो. हा स्वार म्हणजे तो मृत माणूस. ज्याच्या दारात उभ्या आयुष्यात घोडा बांधला गेला नसेल अशा कोदो-कुटकी पिकविणाऱ्या माणसालाही कोरणारा घोड्यावर बसवितो. शेवटच्या प्रवासाला त्याला पायी पाठवीत नाही.

नांदुऱ्याजवळ महामार्गाच्या कडेला हनुमंताची १०५ फुटांची मूर्ती उभी आहे. मोटारीतून जाणाऱ्यालाही ती दिसल्यावाचून राहत नाही. मुंडा शोधत जावा लागतो. त्याच्यापुढे उकिडवे बसले तरच त्यातला स्वार डोळ्यांच्या पातळीला येतो.

असे मुंडे आज केवळ झाडाखाली उरलेले नाहीत. भारतातल्या आणि परदेशांतल्या संग्रहांत ते गेले आहेत, विक्रीलाही आले आहेत. पांढऱ्या भिंतीपुढे, वरून सोडलेल्या प्रकाशात उभा असलेला असा फलक पाहिला की प्रथम मनात येते ते त्याचे नवेपण. खोली नाही, सावली नाही, स्नायूंचा थाट नाही. घोडा म्हणजे चार-सहा ठाम रेषा. माणूस म्हणजे एक उभा ठोकळा आणि त्यावर वाटोळे डोके. विसाव्या शतकातील एखाद्या युरोपीय शिल्पकाराने जाणूनबुजून सारे अनावश्यक टाकून दिले असावे, असे वाटते. आणि खाली पट्टी असते: स्मृतिफलक, कोरकू, मध्य भारत, सागवान. पट्टी लिहिणाऱ्याच्या मते बहुधा सांगण्यासारखे सारे सांगून झालेले असते.

हे नवेपण आपल्याला दिसते त्याला एक इतिहास आहे. १९०७ साली पिकासो पॅरिसमधील त्रोकादेरोच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात गेला आणि आफ्रिकेच्या लाकडी मुखवट्यांनी हादरून बाहेर पडला, ही हकीकत कलेच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत युरोपच्या शिल्पकलेचा चेहराच बदलला. रुमानियातील होबित्सा या खेड्यातून पॅरिसला आलेला कॉन्स्टंटिन ब्रांकूशी (१८७६-१९५७) हा त्या बदलाचा एक मोठा कर्ता. त्याच्या मुलखात घरांची दारे आणि खांब कोरण्याची जुनी रीत होती. आफ्रिकेची लाकडी शिल्पे त्याने पॅरिसमध्ये पाहिली. १९१४-१५ च्या सुमारास त्याने ओकच्या लाकडातून एक लहानसे शिल्प घडविले, जेमतेम दीड फुटाचे. नाव दिले 'उधळा पुत्र'. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात बापाकडे परत येणारा तोच मुलगा. ते आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात, आरेन्सबर्ग दांपत्याच्या संग्रहात आहे. त्यात चेहरा नाही, हात नाहीत. काही कोन, काही खाचा, आणि कोठेतरी गुडघे टेकल्याचा भास. पण नाव वाचून पुन्हा पाहावे, तो लाकडाचा ठोकळा वाकलेला वाटू लागतो.

ब्रांकूशीचा उधळा पुत्र आणि सातपुड्याचा स्वार हे दोघे एका दालनात शेजारी ठेवले तर कोणी त्यांना भाऊ म्हणेल. दोन्ही लाकडाचे, दोन्ही लहान, दोघांचाही प्रवास घराकडे चाललेला. आणि येथेच आमचा प्रश्न सुरू होतो. दोघे सारखे दिसतात म्हणून आपण दोघांकडे सारख्याच नजरेने पाहावे काय?

सौंदर्यशास्त्राचे एक जुने उत्तर 'होय' असे आहे. कान्टने १७९० साली मांडले की सौंदर्याचा आनंद निरिच्छ असतो; वस्तू कशासाठी आहे, कोणाची आहे, तिचा उपयोग काय, हे प्रश्न त्या आनंदाच्या वेळी बाजूला पडतात. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात या भूमिकेची आणि तिच्या विरोधी भूमिकेची जी कसून तपासणी केली, ती मराठी वाचकांस परिचित आहे. कलेला जीवनापासून अलग काढणारे एक टोक आणि तिला जीवनव्यवहारातच पाहणारे दुसरे टोक, या दोहोंमध्ये आपला कलाविचार ताणलेला असतो, हे त्यांचे म्हणणे आम्हांला फार समजूतदारपणाचे वाटते. कान्टच्या उत्तराची थोरवी आम्ही नाकारीत नाही. त्या नजरेमुळेच, एरवी ज्यांना 'रानटी' म्हणून हिणविले गेले त्या लोकांच्या हातच्या वस्तूंना जगाने मान दिला. सागवानाच्या तुकड्यात एक श्रेष्ठ रचना आहे हे ओळखणे, हीदेखील न्यायाचीच एक पायरी आहे.

तथापि ती पहिली पायरी आहे. मान कोठवर पोहोचतो, हे पाहिले पाहिजे.

या बाबतीत ख्रिस्ती परंपरेजवळ एक जुना आणि उपयुक्त विचार आहे. आठव्या शतकात प्रतिमा असाव्यात की फोडून टाकाव्यात यावरून पूर्वेकडील चर्चमध्ये भयंकर वाद माजला होता. दमास्कसच्या संत योहानाने प्रतिमांची बाजू घेतली, आणि ७८७ साली निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला. त्या निर्णयाचा गाभा असा की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही. ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे तो जातो. लाकूड वाट करून देते. आमच्या मते या विचाराचा उपयोग केवळ वेदीवरील मूर्तींपुरता नाही. मुंड्यापुढे उभ्या राहिलेल्या कोरकू मुलाचा मानही लाकडापाशी थांबत नसतो. तो बापाकडे जातो. संग्रहालयातील आपला मान मात्र लाकडापाशी येऊन थांबतो. फार तर कोरकू जमातीच्या कारागिरीपर्यंत जातो आणि परत फिरतो. ज्याच्यासाठी तो फलक कोरला, त्याच्यापर्यंत तो जाऊच शकत नाही, कारण तो कोण हे पट्टीवर नसते.

ब्रांकूशीच्या शिल्पाचे तसे होत नाही. ते दालनासाठी, पाहणाऱ्यांसाठी घडले. पाहणे संपले की त्याच्याकडे दुसरीकडे कोठे बजावायचे कर्तव्य शिल्लक उरत नाही. फिलाडेल्फिया हे त्याचे घर म्हणता येते. मुंड्याला मात्र काम नेमून दिलेले होते: एका विशिष्ट माणसासाठी, एका विशिष्ट झाडाखाली, उन्हापावसात उभे राहण्याचे. ते काम करता करता तो झिजणार, हेही ठरलेलेच होते. आपण त्याला झिजण्यापासून सोडविले आणि त्याबरोबर कामावरूनही काढले.

हा विचार नीट कळण्यासाठी आपण आपल्याच दफनभूमीत जाऊन यावे. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो. गरिबाच्या कबरीवर अजूनही साधा लाकडी क्रूस असतो. आडव्या पट्टीवर हाताने रंगविलेले नाव, जन्म, मृत्यू. चार पावसाळ्यांत रंग उडतो, दहा पावसाळ्यांत लाकूड. समजा, असा एखादा क्रूस उद्या कोणा रसिकाच्या नजरेत भरला, रेषांच्या साधेपणामुळे त्याला तो अप्रतिम वाटला, त्याने तो नेला आणि दूरच्या शहरात भिंतीवर लावला. खाली लिहिले: 'क्रूस, ख्रिस्ती, पश्चिम भारत, लाकूड'. आपल्या आईच्या कबरीवरचा तो क्रूस असेल तर त्या रसिकाच्या अभिरुचीचे कौतुक आपल्याला किती वेळ करवेल?

येथे कोणी म्हणेल की मुंडे चोरले गेले असे थोडेच आहे; पुष्कळदा ते विकले गेले असतील, दिले गेले असतील, ओस गावातून उचलले गेले असतील. हे खरे असू शकते. भुकेच्या दिवसांत माणूस काय विकत नाही? मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या १९९० च्या दशकापासून आपण वाचत आलो आहोत. अशा मुलखात झालेली खरेदी कायदेशीर होती, एवढ्याने ती न्याय्य ठरते काय, याचे उत्तर आम्हांला सोपे वाटत नाही.

या प्रश्नात चर्चनेही स्वतःकडे पाहावे लागते. १९२५ साली व्हॅटिकनमध्ये मिशन-प्रदर्शन भरले, त्यासाठी जगभरातून सुमारे एक लाख वस्तू रोमला आल्या आणि त्यांपैकी चाळीस हजारांवर तेथेच राहिल्या. त्यांतून लातेरान येथे मानववंशशास्त्रीय संग्रहालय उभे राहिले. पुढे ते व्हॅटिकन संग्रहालयात सामावले. त्या संग्रहालयाच्या वार्षिकात १९४२ साली विल्हेल्म कॉपर्स या धर्मगुरूंनी मध्य भारतातील भिल्ल आणि इतर जमातींच्या मृतस्मारकांवर एक विस्तृत अभ्यास लिहिला. त्यांच्याच मागून आलेले फादर स्टीफन फुक्स (१९०८-२०००) मध्य भारतात राहिले, मुंबईत अंधेरीला त्यांनी संशोधनसंस्था उभारली, आणि १९८८ साली कोरकूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सिडोलीविषयी आज अभ्यासकांना जे ठाऊक आहे त्यातील मोठा वाटा त्यांचा. वस्तू उचलण्यापूर्वी माणसाला विचारणारे जे थोडे लोक होते, त्यांत आम्ही फादर फुक्स यांना धरतो. लाकडाभोवतीचे शब्द त्यांनी टिपून ठेवले, हे लाकूड टिकविण्याहून लहान काम नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनच्या संग्रहातील ६२ वस्तू कॅनडाच्या धर्माध्यक्षांकडे सुपूर्द केल्या, त्या तेथील मूळनिवासी समाजांना परत मिळाव्यात म्हणून. त्यांतील बहुतेक १९२५ च्या प्रदर्शनासाठीच रोमला आलेल्या. परत जायला शंभर वर्षे लागली. चाळीस हजारांत बासष्ट हा आकडा लहान आहे, हे आम्हांलाही दिसते. पण वाट उघडली गेली.

आपल्या देशात या प्रश्नाला एक धाडसी उत्तर देऊन पाहिले गेले ते भोपाळच्या भारत भवनात. १९८२ साली ते सुरू झाले. वास्तू चार्ल्स कोरिया यांची. दादरच्या साल्व्हेशन चर्चची आजची वास्तूही त्यांचीच, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. तेथील रूपंकर संग्रहालयाचे सूत्रधार चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी कला आणि शहरी आधुनिक कला एकाच छपराखाली, सारख्याच मानाने मांडल्या. आदिवासी कलाकार भूतकाळातला नाही, तो आपला समकालीन आहे, हा त्यांचा आग्रह होता. कलाकाराला नाव मिळाले. जनगढसिंह श्याम हे नाव जगाला कळले ते तेथूनच. या कामाचे मोल फार मोठे आहे. तरी मुंड्याच्या बाबतीत ते अर्धेच उत्तर आहे. कोरणाऱ्याचे नाव पट्टीवर आले म्हणजे एक अन्याय दूर होतो. पण मुंडा कोरणाऱ्याने आपल्या नावासाठी कोरलेलाच नसतो. त्यात दुसरे एक नाव असते, आणि ते अधिक महत्त्वाचे असते.

बुलढाणा जिल्ह्यातच अगदी उलट घडलेली एक गोष्ट आहे. १८८८ साली मेहकरला जमिनीत विष्णूची एक भव्य पाषाणमूर्ती सापडली. आज ती शारंगधर बालाजी म्हणून ओळखली जाते. मेहकरात असे सांगतात की इंग्रज सरकार ती विलायतेला नेणार होते, ही कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्राणप्रतिष्ठा केली. पूजेतली मूर्ती हलविणे सरकारला जड गेले आणि मूर्ती राहिली. लंडनला गेली असती तर ती अधिक अभ्यासली गेली असती, अधिक जणांनी पाहिली असती, हे मान्य. परंतु मेहकरच्या लोकांना तिचे रूप नव्हे, तिचे नाते राखायचे होते, आणि नाते राखण्याची त्यांना ठाऊक असलेली रीत त्यांनी वापरली. त्यांच्याजवळ गाव होते, देऊळ होते, सरकारदरबारी ऐकला जाणारा आवाज होता. सातपुड्यातल्या कोरकूंजवळ यांतले काय होते?

मग मुंडे परत करावेत काय? तत्त्वतः आम्ही 'होय' म्हणू. परंतु व्यवहारात लगेच विचारावे लागते, कोठे? १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून हलवून अकोला जिल्ह्यात वसविली गेली. पुढे आणखी गावे हलली. वाघाला जागा हवी, हे खरे. पुनर्वसनाचे गुणदोष हा वेगळा विषय आहे. पण जेथे झाडाखाली मुंडे उभे होते आणि माणसे उठून गेली, तेथे संग्रहालयाच्या नेमके उलट घडले: फलक जागेवर राहिला आणि त्याला ओळखणारे डोळे दूर गेले. संग्रहातला फलक परत आणायचा तर तो जुन्या झाडाखाली ठेवायचा की नव्या वसाहतीत, हे ठरविण्याचा अधिकार संग्रहालयाचा नाही, आमचा तर नाहीच नाही. तो ज्यांचा आहे त्यांना विचारण्याची पद्धत मात्र आधी पडली पाहिजे. कदाचित ते म्हणतील, राहू द्या तेथेच, लोक पाहोत. तसे म्हणण्याचाही त्यांना अधिकार आहे.

परत देणे लांबले तरी एक गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे. संग्रहालयाच्या नोंदवहीत वस्तू कोणत्या साली आली, कोणाकडून आली, किती उंच, कोणते लाकूड, काय किंमत, याचे रकाने असतात. 'कोणासाठी' हा रकाना नसतो. तो आखून घ्यावा. पुष्कळ फलकांपुढे तो कोराच राहील, आणि तसा कोरा तो छापलाही जावा. पाहणाऱ्याला निदान कळेल की येथे एक नाव होते. काही फलकांपुढे अजून काही लिहिता येईल. कोणत्या गावच्या शिवारातून, कोणत्या घराण्याच्या सिडोलीतून तो आला, स्वाराच्या मागे बसलेली बाई कोण, हे सांगू शकतील अशी माणसे धारणीत, चिखलदऱ्यात, संग्रामपूरच्या डोंगरकडेला आज आहेत. ती वयस्क आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसायचे, छायाचित्र दाखवायचे आणि ती बोलेपर्यंत थांबायचे, एवढेच काम आहे. त्यासाठी कोरकू येणारा एक तरुण बरोबर हवा.